लंका कागदावर

कथेतील देश आणि कागदावरील देश ह्यांत एक मोठा भेद आहे. कथेतल्या देशाला मोघमपणा चालतो, नव्हे शोभतो. ‘दूर दक्षिणेस, समुद्रापलीकडे’ एवढे सांगितले की श्रोत्याचे समाधान होते. गोष्ट सांगणाऱ्या आजीला कोणी अक्षांश विचारीत नाही. तोच देश कागदावर काढावयाचा झाला की मात्र पहिली रेघ ओढतानाच हात अडतो. समुद्र किती रुंद धरावयाचा? पर्वत त्याच्या अलीकडे की पलीकडे? नदी कोठून आली आणि कोणीकडे वळली? कथाकाराने हे प्रश्न सोडवलेले नसतात, कारण त्याला त्यांची गरजच पडलेली नसते. नकाशा काढणाऱ्याला ते सोडवावे लागतात, आणि ते सोडविता सोडविता त्याच्या हातून मूळ कथेशेजारी एक दुसरी कथा तयार होते. ह्या दुसऱ्या कथेकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ती शब्दांत नसून रेघांत असते. आणि शब्दावर शंका घेणारा मनुष्यदेखील रेघेपुढे मान तुकवितो.

आपण रचीत असलेला देश खोटा आहे हे ज्यांना ठाऊक असते त्यांच्या बाबतीत ह्यात धोका काहीच नाही. उलट मौज आहे. इंग्रजी कादंबरीकारांपैकी स्टीव्हन्सनचे उदाहरण सर्वश्रुत आहे. १८८१ सालच्या पावसाळी सुटीत स्कॉटलंडमधील ब्रेमार गावी आपल्या सावत्र मुलाच्या करमणुकीसाठी त्याने एका बेटाचा नकाशा काढला आणि रंगविला. त्यातले उपसागर आणि टेकड्या पाहता पाहता त्याला त्या बेटावरची माणसे दिसू लागली, आणि ‘ट्रेझर आयलंड’चा जन्म झाला. पुढे कादंबरी छापावयास पाठविली तेव्हा मूळ नकाशा गहाळ झाला. मग स्वतःच्याच पुस्तकातून एकेक अंतर व दिशा वेचून काढून वडिलांच्या कचेरीत तो नव्याने काढवून घ्यावा लागला. चाचे कप्तान फ्लिंट ह्याची खोटी सही वडिलांनी आपल्या हाताने ठोकून दिली! हा दुसरा नकाशा अधिक नेटका असला तरी तो आपल्याला कधीच आपल्या बेटाचा वाटला नाही, असे स्टीव्हन्सनने नमूद करून ठेविले आहे. पहिल्या नकाशातून गोष्ट निघाली होती, दुसरा गोष्टीतून निघाला; आणि कल्पनेच्या प्रांतात ह्या दोहोंची किंमत सारखी नसते. ब्राँटे भावंडांनी आपल्या बालपणी रचलेल्या राज्याचा नकाशाही ब्रॅनवेलने असाच खेळता खेळता काढला होता. टॉल्किनच्या १९५४-५५ साली प्रसिद्ध झालेल्या त्रिखंडात्मक कादंबरीसाठी तर बापाच्या कच्च्या रेखाटनांवरून मुलाने, ख्रिस्तोफरने, नकाशे तयार केले.

आमच्याकडे कल्पित भूगोलाची श्रीमंती ह्याहून कितीतरी जुनी आणि कितीतरी मोठी आहे. जंबू, प्लक्ष, शाल्मली, कुश, क्रौंच, शाक आणि पुष्कर ही सात द्वीपे. त्यांभोवती खारे पाणी, उसाचा रस, मद्य, तूप, दही, दूध आणि गोडे पाणी असे सात समुद्र. प्रत्येक द्वीप आधीच्याच्या दुप्पट. जैनांनी हे चित्र नुसते सांगितले नाही, तर कापडावर आणि कागदावर शेकडो वेळा रंगविले. त्यांच्या ‘अढाई द्वीप’ पटांत मध्यभागी मेरू, त्याभोवती एक लक्ष योजने व्यासाचा जंबुद्वीप, मग दोन लक्ष योजने रुंद लवणसमुद्र, चार लक्षांचे धातकीखंड, आठ लक्षांचा कालोदधी आणि त्यापुढे पुष्करद्वीपाचा आठ लक्षांचा अर्धा भाग असतो. तेथे मानुषोत्तर पर्वताचे कडे उभे राहते आणि मनुष्यलोक संपतो. बेरीज करून पाहावी: एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बरोबर पंचेचाळीस लक्ष योजने भरतात. ग्रंथांतही हाच आकडा आहे. चिताऱ्याने त्या निळ्या वलयांत मासे पोहताना दाखविले आहेत, नद्या समोरासमोर अगदी सारख्या काढल्या आहेत. ह्या पटांना भूगोल म्हणून हसणारा मनुष्य आम्हांस अरसिक वाटतो. तेथे जाण्याचा रस्ता दाखविण्याचा दावा त्यांनी कधी केलाच नव्हता. मनुष्याची जागा केवढी आणि तिची वेस कोठे, एवढेच त्यांना सांगावयाचे होते.

अडचण आली ती मोजणारे लोक आले तेव्हा. भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला तो ११५० साली. त्यात पृथ्वीचा परिघ ४९६७ योजने दिला आहे. आता ज्या पृथ्वीचा संपूर्ण घेर पाच हजार योजनेही नाही तिच्यावर एक लक्ष योजने व्यासाचे द्वीप बसावयाचे कसे? भास्कराचार्यांनी पुराणे नाकारली नाहीत. त्यांनी जंबुद्वीप पृथ्वीच्या उत्तर गोलार्धात बसविले, आणि उरलेली सहा द्वीपे समुद्रांसह दक्षिण गोलार्धात दाटीने रचून ठेविली. प्रतिपक्षाचा पाहुणा म्हणून मान राखावयाचा, पण घर आपल्या मापाचेच ठेवावयाचे, अशी ही युक्ती आहे. १५७१ साली सौराष्ट्रात क्षेमकर्ण नावाच्या कारागिराने घडविलेला एक पितळी भूगोल आज ऑक्सफर्डच्या संग्रहालयात आहे. त्यावरही पुराणांतील द्वीपे आणि ज्योतिषांतील गोल ह्यांचा असाच संसार थाटलेला दिसतो.

ह्या ज्योतिषांच्या भूगोलात लंका आहे, आणि ती आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. त्यांची लंका म्हणजे विषुववृत्तावरील एक बिंदू. मेरूपासून निघून कुरुक्षेत्रावरून व उज्जयिनीवरून खाली येणारी मध्यरेषा विषुववृत्ताला जेथे छेदते तेथे लंका. तिच्यापासून चौथाई परिघावर पूर्वेस यमकोटी, पश्चिमेस रोमकपट्टण, आणि पायाखाली सिद्धपूर. ह्या चार नगरांत कोणी राहत होते की नाही ह्याची ज्योतिषाला चिंता नाही. सूर्योदय कोठून मोजावयाचा ह्यासाठी त्याला एक खुंटी हवी होती, ती त्याने लंका ह्या नावाने ठोकली. आजच्या नकाशात त्या ठिकाणी मालदीवच्या पूर्वेचा उघडा समुद्र आहे.

पुराणांचा पट आणि ज्योतिषाचा गोल ह्यांचे भांडण एकोणिसाव्या शतकात पुन्हा पेटले, ते आमच्या ह्या मध्यप्रांताच्या बाजूलाच, आणि तेही मराठीत. ही गोष्ट महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांस ठाऊक असावयास हवी. भोपाळजवळ सीहोर येथे इंग्रजांचे पोलिटिकल एजंट लॅन्सलॉट विल्किन्सन हे होते. त्यांच्या आश्रयाने सुबाजी बापू ह्या ज्योतिष्यांनी १८३६ साली ‘शिरोमणिप्रकाश’ हा मराठी ग्रंथ लिहून भास्कराचार्यांचा गोल व युरोपीयांचा गोल ह्यांची बाजू घेतली, आणि पुराणांतील सपाट द्वीपांना रजा दिली. दुसऱ्याच वर्षी पुण्याच्या बाजूने ‘अविरोधप्रकाश’ नावाचे उत्तर आले: पुराण आणि ज्योतिष ह्यांत मुळात विरोधच नाही! त्यावर सुबाजींचे प्रत्युत्तर. दोन्ही पक्ष विद्वान होते, दोघेही प्रामाणिक होते. परंतु दुधाचा समुद्र कथेत असला म्हणजे पुरते की तो कागदावर बसलाच पाहिजे, हा खरा वाद होता. विरोध नाही म्हणणाऱ्यांना तो कागदावर बसवून दाखवावा लागे, आणि तेथेच त्यांची दमछाक होई.

कथा कागदावर बसविण्याच्या ह्या अट्टाहासाने काय घडू शकते त्याचा एक नमुना काशीत घडून गेला आहे. फ्रान्सिस विल्फर्ड हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी तेथे संस्कृत ग्रंथांचा अभ्यास करीत असे. पुराणांत मिसर देशाचा आणि नाइल नदीचा भूगोल दडला आहे अशी त्याची खात्री होती. आपल्याला काय सापडावयास हवे आहे ते त्याने आपल्या पंडिताला बोलून दाखविले. मिसरच्या आणि बायबलच्या कथा त्याला ऐकविल्या. आणि पंडिताने त्या कथा पुराणांत शोधून दिल्या. शोधून म्हणजे पोथीतील नावे खोडून, नवे श्लोक रचून, कोठे अख्खी आख्याने घालून. १७९२ साली ‘एशियाटिक रिसर्चेस’ ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात विल्फर्डचा लंबाचवडा निबंध नकाशासह छापून आला. चंद्रगिरीच्या शिखरांतून निघणारी नाइल, तिच्या उगमाशी अमर सरोवर, सर्व काही यथास्थित. पुढे लबाडी उघडकीस आली, आणि १८०५ साली त्याच ग्रंथमालेत विल्फर्डने ती जाहीर कबूल केली. त्याच्या ह्या धैर्याबद्दल आम्हांस त्याचा आदर वाटतो. पण श्लोक परत घेता आले तरी नकाशा परत येत नाही! नाइलचा उगम शोधणाऱ्या स्पीकच्या हाती झांजिबारच्या इंग्रज वकिलाने तो निबंध व नकाशा दिला. आणि स्पीकने १८६३ साली आपल्या प्रवासवर्णनात तो छापून प्राचीन हिंदूंना नाइलचे उगमसरोवर ठाऊक होते अशी ग्वाही दिली. काशीच्या एका पंडिताची रचना सत्तर वर्षांनी आफ्रिकेच्या भूगोलात जाऊन बसली. आपले नाव कोठवर पोचले हे त्या बिचाऱ्याला कळलेही नसेल.

हिंदुस्थानचा पहिला भरवशाचा नकाशा करणारा रेनेल हा तर जातिवंत मोजणीदार. पण त्यानेही मंगो पार्कच्या प्रवासवर्णनासाठी १७९८ साली नकाशा करताना पश्चिम आफ्रिकेत ‘काँग’ नावाची एक पर्वतरांग आडवी ओढून दिली. पार्कला काही शिखरे लांबून दिसली होती; नद्या कोठे वळतात ह्याविषयी रेनेलचा एक सिद्धान्त होता; त्या सिद्धान्ताला पर्वत हवा होता. हे पर्वत जवळजवळ शतकभर नकाशांत उभे होते. बिंझे नावाचा फ्रेंच अधिकारी १८८७ ते १८८९ ह्या काळात त्या मुलखात हिंडला, तेव्हा तेथे साधी टेकड्यांची रांगही त्याला सापडली नाही.

परंतु दूर आफ्रिकेत कशाला जावे? आमच्या प्रांताचे नाव हाच एक हिशेबाने काढलेला नकाशा आहे. छत्तीसगड म्हणजे छत्तीस गड. शिवनाथ नदीच्या उत्तरेस रतनपूरच्या गादीखाली अठरा, दक्षिणेस रायपूरच्या गादीखाली अठरा. चिझम ह्या अधिकाऱ्याने १८६८ सालच्या बिलासपूरच्या महसुली अहवालात ह्यांचा वृत्तान्त नोंदविला आहे. दक्षिणेच्या यादीत भिलाईला खेटून असलेला दुर्ग आहे, पाटण आहे, राजीम आहे. प्रत्येक गडाखाली सात तालुके, प्रत्येक तालुक्यात बारा गावे, म्हणून गडाची गावे चौऱ्याऐंशी. ज्याने आयुष्यात एक तरी जमाबंदीची वही चाळली आहे त्याला हे पाहून हसू आल्यावाचून राहणार नाही. प्रत्यक्षातील गावे अशी बाराच्या पाढ्याने वसत नाहीत. नदीच्या दोन्ही काठांना सारखेच गड यावेत हा योग इतिहासाचा नव्हे, लेखणीचा आहे. अढाई द्वीपाच्या पटात नद्या समोरासमोर काढणाऱ्या चिताऱ्याचाच तो हात. रायबहादूर हिरालाल ह्यांनी तर मूळ शब्द ‘चेदीशगढ’ असावा आणि त्याचा अपभ्रंश होऊन मागाहून छत्तीसाचा आकडा जुळविला गेला असावा, असे सुचविले होते. ते मत सर्वमान्य झाले नाही. पण आकडा आधी आणि गड मागाहून, ही शंका त्यांच्यासारख्या मुरलेल्या अधिकाऱ्याला यावी ह्याचे आम्हांस नवल वाटत नाही.

हेच हिरालाल लंकेच्या वादात पुन्हा भेटतात. रामायणातील लंका म्हणजे सिंहल बेट, ही समजूत आज इतकी रुळली आहे की त्या देशाने १९७२ साली आपले अधिकृत नावच श्रीलंका असे करून घेतले. परंतु आमच्या जुन्या ग्रंथांत लंका आणि सिंहल ही दोन नावे शेजारी शेजारी, वेगवेगळी म्हणून येतात. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त येतात, भागवतात येतात. याकोबीसारख्या जर्मन पंडिताला सिंहल म्हणजेच लंका हे मान्य नव्हते. मग लंका कोठे? ह्या प्रश्नाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुष्कळ विद्वानांना झपाटले, आणि त्यांत मराठी नावे ठळक होती. श्री. वडेर ह्यांनी १९२६ साली ‘इंडियन हिस्टॉरिकल क्वार्टर्ली’त लंका विषुववृत्तावर असल्याचे प्रतिपादन केले, म्हणजे ज्योतिषांच्या खुंटीवर त्यांनी नगर वसविले. दोनच वर्षांनी, १९२८ साली, त्याच नियतकालिकात इंदूरचे सरदार माधवराव विनायक किबे ह्यांनी रावणाची लंका मध्य हिंदुस्थानात, अमरकंटकाच्या डोंगरावर असल्याचे मांडले.

किबे हे काही उथळ गृहस्थ नव्हते. होळकरांच्या दरबारी त्यांनी मोठी पदे भूषविली. १९२६ साली मुंबईच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. त्यांना अमरकंटक का सुचावे हे समजून घ्यावयाचे तर रामायणातील भूगोल एकदा डोळ्यांखालून घालावयास हवा.

किष्किंधाकांडात सुग्रीव वानरांना चारी दिशांस धाडतो, तेव्हा तो त्यांना तोंडी नकाशाच काढून देतो. दक्षिणेकडच्या तुकडीला विंध्य, नर्मदा, गोदावरी, कृष्णा, कावेरी, ताम्रपर्णी अशी ओळखीची नावे क्रमाने मिळतात. पुढे समुद्र, शंभर योजने पलीकडे रावणाचे द्वीप. आणि त्याच्याही पुढे अनोळखी पर्वत ओलांडीत ओलांडीत शेवटी पितृलोक लागतो, जेथून पुढे जावयाचे नाही. पूर्वेकडे गेलेल्यांना यवद्वीप, मग तांबड्या पाण्याचा समुद्र, मग क्षीरसागर, आणि शेवटी उदयपर्वत. खरा देश कोठे संपतो आणि कल्पित देश कोठे सुरू होतो ह्याची सीमारेषा सुग्रीवाच्या बोलण्यात नाही. तो एकाच सुरात, एकाच दमात सांगत जातो. ऐकणाऱ्यालाही ती रेषा नको असते.

आता पुढची गंमत पाहा. अंगद-हनुमंताची तुकडी दक्षिणेस निघते, विंध्याच्या गुहा धुंडाळते, स्वयंप्रभेच्या मायावी बिळात अडकते, आणि तिच्या कृपेने बाहेर पडते. बाहेर पडल्यावर ते वानर कोठे उभे असतात? विंध्याच्या पायथ्याशी, आणि त्यांच्यासमोर समुद्र गर्जत असतो. तेथेच ते प्रायोपवेशनास बसतात. तेथेच विंध्याच्या गुहेतून वृद्ध संपाती बाहेर येतो, आणि तेथूनच त्याला लंका दिसते. शतकानुशतके लोकांनी ही कथा ऐकली, डोळे पुसले, हनुमंताच्या उड्डाणाला टाळ्या दिल्या. विंध्याच्या पायथ्याशी समुद्र कसा, असे कोणी विचारले नाही. मायावी गुहेतून बाहेर पडलेला मनुष्य कोठेही बाहेर पडू शकतो. कथेचा न्याय तो आहे.

कागदाचा न्याय तसा नाही. विंध्य आणि दक्षिणेचा समुद्र ह्यांमध्ये हजाराहून अधिक किलोमीटर भूमी पसरली आहे. नकाशा काढणाऱ्याने एक तर विंध्याला उचलून रामेश्वरापाशी न्यावे, नाही तर समुद्राला आटवून विंध्यापाशी आणावे. तिसरा मार्ग नाही. योजनांचीही तीच गत. योजन आठ किलोमीटरांचे धरा की बाराचे. शंभर योजने म्हणजे आठशे ते बाराशे किलोमीटर होतात, आणि धनुष्कोडीपासून समोरचा सिंहलाचा किनारा तर सुमारे तीस किलोमीटरांवर. एका पक्षाने समुद्र ठेविला आणि विंध्याकडे काणाडोळा केला. किब्यांनी विंध्य ठेविला आणि समुद्र आटविला. अमरकंटकाचे शिखर ही लंका. पायथ्याशी एके काळी असलेले विस्तीर्ण पाणी वा दलदल हा सागर. गोदावरीच्या मुखाशी नदीतल्या बेटाला आजही तेलुगूत लंका म्हणतात, तेव्हा लंका म्हणजे पाण्याने वेढलेली कोणतीही जागा. हिरालाल ह्यांनी ह्याच पक्षाला आपले बळ दिले. पुढे डॉ. हसमुख सांकळिया ह्यांनी १९७३ साली ‘रामायण : मिथ ऑर रिअ‍ॅलिटी?’ हे पुस्तक काढले, तेव्हा तेही लंका मध्य हिंदुस्थानातच शोधीत होते. त्यांचा पुरावा झाडाचा होता. किष्किंधेत राम सात सालवृक्ष एका बाणाने भेदतो, वानर सालवृक्ष उपटून लढतात. आणि सालाची राने तर गोदावरीच्या दक्षिणेस नाहीत. ह्या सर्व पुराव्यांत आम्हांस हाच सर्वांत सुंदर वाटतो. आमच्या राज्याचा तो राज्यवृक्ष आहे. इकडे त्याला सरई म्हणतात.

सुंदर असला तरी तो कवीविषयीचा पुरावा आहे, लंकेविषयीचा नव्हे. ज्या कवीने कधी समुद्र पाहिला नाही तो आपल्या ओळखीच्या रानातील झाडे लंकेच्या रणांगणावर लावील. त्यावरून कवीचे गाव सापडेल फार तर. कालिदासाची गोष्ट ह्याच्या अगदी उलट आहे. यक्षाचा मेघ उज्जयिनीला जातो तेव्हा ही वाट वाकडी होते असे कवीच सांगून टाकतो. म्हणजे त्याच्या डोळ्यांपुढे सरळ वाटही होती. मेघाची वाट म्हणूनच नकाशावर बरीचशी उतरते, आणि वाद उरतो तो तिच्या पहिल्या पावलाचा. महामहोपाध्याय मिराशी ह्यांनी रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक असे साधार मांडले. दुसऱ्या पक्षाने सरगुजातील रामगड पुढे केला. ह्या दोहोंत भर म्हणून बिंबाजी भोसल्यांनी अठराव्या शतकात रतनपुरास बांधलेले रामाचे देऊळ ज्या टेकडीवर आहे तिला रामटेकरी म्हणतात. नागपूरकरांनी मुलूख सोडला तरी टेकडी बरोबर आणली, असे आम्हांस वाटते. परमुलखात गेलेला मनुष्य असेच करतो. आपणही दिवाळीत क्वार्टरच्या अंगणात मातीचा किल्ला घालतो, तेव्हा दुसरे काय करीत असतो?

येथवर हा विद्वानांचा विनोद होता असे कोणी म्हणेल. पण लंका अमरकंटकावर आणली की तिच्याबरोबर राक्षसही आणावे लागतात, आणि ते कोणाला तरी व्हावे लागते. सिंहल बेटावरची लंका लांब होती. अमरकंटकाच्या भोवती माणसे राहत होती. किबे-हिरालाल पक्षाने ते राक्षस म्हणजे गोंड, असे निःशंकपणे लिहिले. रसेल आणि हिरालाल ह्यांच्या १९१६ सालच्या जातिवर्णनकोशात काही गोंड स्वतःला रावणवंशी म्हणवितात अशी नोंद आहे, तिचा आधार घेतला. आता रावणवंशी म्हणविणाऱ्या गोंडाच्या मनात रावण म्हणजे पूर्वज, राजा. नकाशा काढणाऱ्याच्या मनात रावण म्हणजे पापी. एकाने अभिमानाने उच्चारलेले नाव दुसऱ्याने पुरावा म्हणून टिपून घेतले, आणि कागदावर येताना त्याचा अर्थ उलटला. विल्फर्डच्या पंडिताने नावे मुद्दाम बदलली होती. येथे नाव तसेच राहिले, आणि लबाडी कोणीच केली नाही. म्हणूनच ही चूक अधिक खोल आहे असे आमचे मत आहे. हिरालालांनी ह्या प्रांतातील शिलालेख, जाती आणि बोली ह्यांसाठी जे केले ते डोंगराएवढे आहे, आणि किब्यांचा व्यासंगही खरा होता. तरी शेजाऱ्याला राक्षस ठरविणारी रेघ ओढताना त्यांचा हात थबकला नाही. विंध्यापाशी समुद्र नाही ह्या एका अडचणीसाठी त्यांनी केवढी टाचणे गोळा केली! शेजाऱ्याला विचारण्याचे मात्र राहून गेले.

लंकेचा पक्ष आज मागे पडला असला तरी कथा कागदावर बसविण्याचे काम थांबलेले नाही. आता ते सरकारी खात्यांकडे आले आहे. २००७ साली रामसेतूच्या प्रश्नावर केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात एक प्रतिज्ञापत्र दाखल केले, आणि ओरड होताच दोनच दिवसांत ते मागे घेतले. आमच्या छत्तीसगडात २०१९ नंतर ‘राम वनगमन पथ’ आखण्यात आला. राज्यातील पंचाहत्तर स्थाने रामाच्या वाटेवरची म्हणून मोजली गेली, आणि पहिल्या टप्प्यासाठी नऊ निवडली गेली: उत्तरेस सीतामढी-हरचौका, मग रामगड, शिवरीनारायण, तुरतुरिया, चंदखुरी, राजीम, सिहावा, जगदलपूर, आणि दक्षिण टोकास सुकम्यातील रामाराम. चंदखुरीला कौसल्येचे देऊळ आहे; दक्षिण कोसल हे ह्या मुलखाचे जुने नाव, आणि कौसल्या कोसलची, म्हणून ती येथली लेक आणि राम छत्तीसगडचा भाचा. येथे लोक आजही भाच्याच्या पाया पडतात. वयाने मोठा मामा लहान भाच्यापुढे वाकतो. ही कथा आम्हांस अतिशय गोड वाटते, आणि तिला पुरावा मागावा असे आमच्या मनात येत नाही. ती नात्याची आहे, मोजणीची नाही. रस्त्याच्या कडेला फलक लागला आणि त्यावर किलोमीटर लिहिले की मात्र तिचा न्याय बदलतो. उद्या कोणी तरी दोन फलकांमधले अंतर मोजणार, वनवासाच्या वर्षांनी भागणार, आणि शेजारच्या राज्याच्या फलकांशी ताडून पाहणार. मग सीहोर आणि पुणे ह्यांचे भांडण नव्या नावाने सुरू होणार.

भिलाईत दसऱ्याला ठिकठिकाणी रावण जळतो. आम्ही पोराबाळांसह तो पाहावयास जातो, आणि आतषबाजी चांगली झाली की खूश होऊन परत येतो. गडचिरोलीकडच्या काही गोंड गावांत त्याच दिवशी रावणाची पूजा होते. जगदलपूरचा दसरा तर ह्या दोहोंहून निराळा. तो श्रावणातल्या हरेली अमावास्येला सुरू होतो आणि पंचाहत्तर दिवस चालतो. रानातून लाकूड येते, त्यात सरईचे असते. गावोगावचे सुतार आणि लोहार मिळून रथ उभा करतात. तो ओढावयास रानावनांतून माणसे येतात. त्यावर दंतेश्वरी देवीचे छत्र चढते. ज्या झाडाच्या पुराव्याने लंका ह्या मुलखात येणार होती त्याच झाडाचा तो रथ. त्या पंचाहत्तर दिवसांत रावण कोठेच येत नाही, आणि जाळलाही जात नाही.